पुन्हा लिहा

कर्णिक टपाल इंग्रजी वर्ग, पनवेल
६ एप्रिल १९९२

श्री. धर्मराज जे. घरत, उरण
विद्यार्थी क्रमांक ४१ यांस,

स. न. वि. वि.

तिसऱ्या धड्याची तुमची उत्तरपत्रिका पोचली. दहापैकी साडेपाच गुण दिले आहेत. त्यातला अर्धा गुण नुसता अक्षराचा आहे, त्यामुळे हुरळून जाऊ नका.

लाल शाई पाहून दचकायचं कारण नाही. पस्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर हा टपालाचा वर्ग काढला, तेव्हापासून लाल शाईची बाटली दर दीड महिन्याला लागते. माझे नियम पहिल्या धड्याबरोबर छापून पाठवले होते, तुम्ही ते वाचलेले दिसत नाहीत. म्हणून पुन्हा सांगतो. चारपेक्षा कमी गुण पडले की मी त्याच पत्रिकेवर तळाशी 'पुन्हा लिहा' असं लिहून ती परत पाठवतो आणि विद्यार्थ्याने ती मुकाट्याने पुन्हा लिहायची. तो कलेक्टर असला तरी. दुसरं म्हणजे, पत्रिकेच्या शेवटी शंकेची चौकट असते. तिच्यात एक शंका लिहायची, तिचं उत्तर मिळतंच मिळतं. तुम्ही तिन्ही वेळा चौकट कोरी सोडली आहे. ज्याला शंका येत नाही तो एकतर सर्वज्ञ असतो नाहीतर झोपलेला.

कुटुंबावरची पाच वाक्यं ठीक आहेत. 'माय डॉटर-इन-लॉ इज व्हेरी गुड, शी हाइड समथिंग फ्रॉम मी' या वाक्यात 'हाइड्स' हवं. सून तुमच्यापासून काय लपवते हा तुमच्या घरचा प्रश्न, मी फक्त शेवटचा 'एस' मागतो आहे.

नावनोंदणीच्या कागदावर तुमचं वय त्रेसष्ट लिहिलं आहे, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे. या वयात इंग्रजी कशाला, असं विचारणार नाही. माझे बाकीचे चाळीस विद्यार्थी नोकरीच्या अर्जासाठी शिकतात आणि पाचव्या धड्याला गळतात. तुम्ही टिकाल असं वाटतं. व्यवसायाच्या जागी तुम्ही नुसतं 'मीठ' असं लिहिलं आहे, ते आवडलं. आमच्या सौ. दर महिन्याला आपट्याला बहिणीकडे जातात आणि येताना पिशवीभर खडेमीठ आणतात. मीठ बाकी झकास असतं.

घरी आम्ही दोघंच. एक मुलगी आहे, लग्न होऊन गेली. लांब असते.

चौथा धडा सोबत जोडला आहे.

आपला,
कृ. वि. कर्णिक

•

पनवेल, ११ मे १९९२

श्री. घरत यांस,

चौथ्या धड्याला सहा गुण. प्रगती आहे.

या खेपेला शंकेची चौकट तुम्ही भरलीत, आणि अशी भरलीत की मागच्या बाजूलाही लिहावं लागलं. तुमची शंका जशीच्या तशी उतरवतो, म्हणजे घोटाळा नको: 'एका शिकलेल्या माणसाने भरल्या घरात मला एक इंग्रजी वाक्य सांगितले. माझ्याकडून तीनदा म्हणून घेतले. "देअर इज नो फूल लाइक अॅन ओल्ड फूल." हे थोरामोठ्यांना मान देण्याचे वाक्य आहे असे सांगितले. मी तीन वर्षे ते सगळीकडे म्हणतो. लग्नात म्हटले, बारशात म्हटले, गावच्या सभेत सरपंचांना म्हटले. या जानेवारीत कचेरीतले मोठे साहेब निवृत्त झाले, त्यांच्या सत्कारात माइकवर म्हटले. साहेबांनी हातातला नारळ खाली ठेवला. मास्तर, याचा अर्थ काय?'

शंका चांगली आहे. 'फूल' हा शब्द दिसतो लहान, पण फार खोल आहे. प्रथम, याचा गुलाब-मोगऱ्याशी संबंध नाही. हा विनोद मी पस्तीस वर्षं प्रत्येक वर्गात ऐकला आहे. फूल म्हणजे ज्याला शहाणपण कमी आहे असा माणूस. पण इंग्रज माणूस या शब्दाला नाना कामांना जुंपतो. त्यांच्या राजांच्या दरबारी पगारी विदूषक असायचा, त्यालाही फूलच म्हणत, आणि राजाला तोंडावर खरं सांगायची मुभा त्या एकट्यालाच होती. खोट्या समाधानात राहणाऱ्याला म्हणतात की तो फूलच्या नंदनवनात राहतो. निष्फळ कामासाठी कोणाला पिटाळलं तर ती फूलची फेरी. सोन्यासारखा चकाकणारा एक दगड असतो, त्याला म्हणतात फूलचं सोनं. एक एप्रिलला काय करतात ते तुम्हाला ठाऊकच असेल. 'ही इज नोबडीज फूल' म्हणजे हा गडी कोणाच्या हातावर तुरी देऊन जाईल, पण याच्या हातावर कोणी देऊ शकणार नाही. आणि 'टु मेक अ फूल ऑफ समबडी' म्हणजे चारचौघांत एखाद्याचं हसं करणं.

तुम्ही विचारलेलं वाक्य ही एक जुनी म्हण आहे. तिचा अर्थ संदर्भाप्रमाणे बदलतो. ज्याने सांगितली त्याच्या मनात त्या वेळी काय होतं हे आज सांगणं अवघड आहे. विसरून जावं हे बरं. साहेबांनी नारळ ठेवला तो कदाचित जड असेल म्हणूनही असेल.

पाचवा धडा सोबत आहे. क्रियापदांकडे लक्ष द्या.

आपला,
कृ. वि. कर्णिक

•

पनवेल, २ जून १९९२

श्री. दाजी,

काल तुमचा लिफाफा आला. आत पाचव्या धड्याची पत्रिका नव्हती, माझंच अकरा मेचं पत्र होतं. विदूषक आणि नंदनवनाच्या ओळींना तुम्ही हात लावला नाहीत. शेवटून दुसऱ्या परिच्छेदावर मात्र एक आडवी रेघ मारलीत आणि तळाशी लाल शाईत, माझ्याहून सुबक अक्षरात लिहिलंत: 'पुन्हा लिहा.'

आधी मी भडकलो. उभा जन्म दुसऱ्यांना पुन्हा लिहायला लावण्यात गेला, मला कोणी कधी लावलं नव्हतं. पत्र टेबलावर आपटलं. सौ. खाली बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते उचललं, वाचलं आणि इतक्या हसल्या की सुपातले तांदूळ सांडले. म्हणाल्या, "अहो, नापास झालात की!" हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या की त्यांना मला एक सांगायचं आहे. त्या दर महिन्याला आपट्याला जात नाहीत. आपट्याची त्यांची गोदूताई बिचारी तीन वर्षं आमच्याकडे उगाच बदनाम झाली आहे. त्या उरणला जातात, तुमच्याकडे, आमच्या मुलीकडे, चारुताकडे. माझ्या वर्गाचा माहितीचा कागद या फेब्रुवारीत त्यांनीच तुम्हाला आणून दिला, तुम्ही मागितलात म्हणून.

आपटं पडलं पातळगंगेच्या काठी, तिथे मीठ पिकत नाही हे मला शाळेतली पोरंसुद्धा सांगू शकली असती. आणि मी तीन वर्षं तुमच्या मिठागरातलं मीठ वरणात घालून खातो आहे.

तेव्हा पुन्हा लिहितो. या खेपेला तुमच्या प्रश्नाचं उत्तर.

सगळ्यात आधी हे कबूल करतो की तुम्ही कोण हे मला अकरा मेला ठाऊक होतं. नावावरून कळलं नव्हतं. तुम्हाला मी दाजी म्हणूनच ओळखत होतो, आणि उरणात दगड भिरकावला तर तो घरताला लागतो. लग्नाची पत्रिका आली होती तिच्यावर तुमचं पूर्ण नाव असेल, पण ती मी पाकीट न फोडता परत केली होती. मात्र शंकेची चौकट वाचायला लागलो आणि 'माझ्याकडून तीनदा म्हणून घेतले' या शब्दांवर माझा हात थांबला. तो शिकलेला माणूस मीच. तरी मी तुम्हाला फूलचं सोनं आणि फूलची फेरी सांगत बसलो. इतकी माहिती मी आयुष्यात कोणाला एका पत्रात दिली नव्हती. घाबरलेला मास्तर फार शिकवतो.

बारा फेब्रुवारी १९८९, रविवार. तुम्ही आणि तुमचा भगवान आमच्याकडे चारुताला मागणी घालायला आलात. त्या दोघांचं टायपिंगच्या क्लासात जमलं होतं आणि मला ते पसंत नव्हतं. भगवान बंदरावर कारकून म्हणून लागला होता, मुलात नाव ठेवायला जागा नव्हती. म्हणून मी तुमच्यात शोधत होतो. तुमचं धोतर, तुमचं 'हाय' आणि 'नाय', तुमच्या टाचांच्या भेगा. हे लिहिताना माझी मान खाली आहे.

तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मास्तर, आमाला काय नको, पोरगी द्या. ती शिकल, नोकरी करल, आमी आडवं येनार नाय. आन गावातला जमिनीचा तुकडा मी तिच्या नावावर करतो. उद्या माझा पोरगा वाकडा वागला तं तिच्या पायाखाली तिची जमीन ऱ्हाईल."

कुठलाही बाप मुलासाठी मागतो. तुम्ही स्वतःच्या मुलाविरुद्ध माझ्या मुलीची सोय करत होतात. मी विचार केला, हा माणूस एकतर लबाड आहे नाहीतर खुळा. लबाड दिसत नव्हतात. मी पुण्याच्या मेहुण्यांकडे वळलो आणि तुमच्यादेखत इंग्रजीत म्हणालो, 'देअर इज नो फूल लाइक अॅन ओल्ड फूल.' मेहुणे रुमालात हसले.

आता अर्थ. माझ्या पस्तीस वर्षांतला एकमेव चुकीचा अर्थ मी दुरुस्त करतो आहे. या म्हणीचा अर्थ: म्हाताऱ्या मूर्खासारखा दुसरा मूर्ख नाही. तरुण माणूस मूर्खपणा करतो तेव्हा त्याला पुढे शहाणं व्हायला वेळ असतो, म्हाताऱ्याला तोही नसतो. संदर्भाप्रमाणे हा अर्थ बदलत नाही. मी तो तुम्हाला उद्देशून म्हटला, आणि मनापासून म्हटला.

तुम्ही विचारलंत, "काय बोल्ले मास्तर?" तिथे तरी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हटलं, जुन्या माणसांच्या शहाणपणाला तोड नाही." तुमचं तोंड उजळलं. म्हणालात, "मना शिकवा की, मास्तर! आमच्याकडं पन म्हातारी मानसा हायत." आणि मी तुम्हाला शिकवलं. वर्गात शिकवतो तसं, बोट नाचवत, एकेक शब्द सुटा करून, तीन वेळा. तिसऱ्या वेळेला तुम्ही न अडखळता म्हणालात तेव्हा मी 'शाब्बास' म्हणालो.

चारुता चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचं इंग्रजी माझ्या हाताखाली तयार झालेलं. तिने सगळ्यांना चहा दिला, तुम्हाला वाकून दिला, आणि माझा कप ट्रेमध्ये तसाच ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मेमध्ये तिने कोर्टात लग्न केलं. मागे एक चिठ्ठी होती, ती अजून माझ्या शब्दकोशात आहे. 'बाबा, तुम्ही त्यांना मूर्ख म्हणालात हे मी एक वेळ सोडून दिलं असतं. तुम्ही ते त्यांच्याच तोंडून म्हणवून घेतलंत. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला म्हणून तुम्हाला ते जमलं.'

मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो की मुलगी हट्टी आहे, बापाची गंमत समजत नाही. लोकांना सांगत आलो की ती लांब असते. पनवेलहून उरणला एसटीने दीड तास लागतो.

दाजी, मी तुमचं हसं केलं, आणि तुम्ही ते हसं तीन वर्षं मानाचं पान म्हणून मिरवलंत. मला लाज वाटते. एवढंच खरं उत्तर आहे. गुण कितीही द्या.

कृष्णकांत कर्णिक

•

पनवेल, २९ जून १९९२

श्री. दाजी यांस,

सा. न. वि. वि.

पंचवीस दिवस मी रोज पोस्टमनच्या वाटेवर डोळे लावून होतो. बारावीच्या निकालाला मुलं कशी दारातून हलत नाहीत ते या वयात कळलं. शनिवारी पाकीट आलं. ते मी फोडेना, सौ.ने फोडलं.

दहापैकी सात! आणि खाली खुलासा: 'तीन गुण उशिराचे कापले. वर्षाला एक.'

सौ.ना मी ते दोनदा मोठ्याने वाचायला लावलं. दाजी, माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तुम्ही मला शिव्या घातल्या असत्यात तरी उतरला असता, पण सात गुणांची गोष्ट वेगळी आहे. सात गुणांत माणूस पास होतो.

सोबतचं तुमचं पत्र पुनःपुन्हा वाचलं. तुम्ही जसं बोलता तसंच लिहिलं आहे, त्यामुळे तुमचा आवाज ऐकू आला. 'मास्तर, अर्थ मना जानेवारीतच कळला. सायबाच्या सत्कारातून भाईर पडलो तं कचेरीतल्या एका कारकुनानं हळूच सांगितला, दाजी, तुमी सायबाला म्हातारा मूर्ख बोल्लात. आठ दिस मी घरात कोनाशी धड बोल्लो नाय. मिठागरावर एकटाच जाऊन बसायचो. तुमचा राग होताच, पन सायबाचा नारल आठवून हसू पन यायचा. मंग एक दिस सूनबाईचा आठवला. मी कुटं ते वाक्य बोलाया तोंड उघडला का ती मधीच यायची, दाजी, चला, उशीर होतोय. तीन वर्सं मना वाटला पोरीला घाई लई. ती मना वाचवत होती, मास्तर. सत्काराला ती नव्हती, म्हनून तिथं मी बुडालो.'

हे वाचून मी चष्मा काढून ठेवला. तिसऱ्या धड्यातली लपवणारी सून आमची चारुता, आणि मी तिच्या क्रियापदाला 'एस' लावत बसलो होतो.

पुढे तुम्ही लिहिता, तिला तुम्ही काहीच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ती रडली असती. आणि ज्याने वाक्य शिकवलं त्याच्याकडूनच अर्थ घ्यायचा असं ठरवून तुम्ही माझ्या वर्गाला नाव घातलंत. पहिल्या तीन धड्यांत शंका लिहिली नाहीत, कारण आधी माणूस खरे गुण देतो की खोटे ते तुम्हाला बघायचं होतं. दाजी, मेच्या पत्रात सांगितल्या त्या म्हणींपैकी तुम्हाला लागू पडणारी एकच: यू आर नोबडीज फूल.

आता तुमची अट. 'माफी नको. माफीचा काय करू, मीठ लावून खाऊ? बारा जुलैला वल्लरी दोन वर्सांची होतेय. घरी या. तेच वाक्य सगल्यांसमोर तीनदा बोला आन खरा अर्थ सांगा. तो तुमाला लागू हाय का मना, ते लोक ठरवतील. सूनबाईला मी तुमी येताय ते सांगितला नाय. सांगितला तं ती दार लावून बसंल.'

अट मान्य आहे. पण तुम्हाला सांगतो, मी घाबरलो आहे. तुमच्या गावाला मी भीत नाही. ती दार लावून घेईल याला भितो. तसं झालं तर मी भांडणार नाही, बाहेर ओट्यावर वाक्य म्हणेन आणि परतीची एसटी धरेन. तिला ऐकू आलं तरी पुरे.

नातीसाठी काय आणू ते सौ.ला विचारलं, तर म्हणाल्या, तिला घुंगरांची काठी आवडते. त्यांना हेही ठाऊक आहे. मला नात आहे हेच तुमच्या पत्रातून कळलं. बारशात म्हटलं असं तुम्ही मेमध्ये लिहिलं होतंत, पण कोणाचं बारसं हे विचारायचं धाडस मला झालं नव्हतं.

कृष्णकांत

•

पनवेल, २७ जुलै १९९२

प्रिय दाजी,

धडे चालू असले तरी व्याह्याला 'श्री.' लावून लिहिणं आता जमायचं नाही.

घरी आल्यापासून रोज लिहायला बसतो आणि रोज नुसताच आठवत बसतो. तुम्ही सगळं डोळ्यांनी पाहिलंत, तरी माझ्या बाजूने कसं दिसलं ते सांगू द्या.

एसटीतून उतरलो तेव्हा मी मागे रेंगाळत होतो आणि सौ. पुढे अशा चालल्या होत्या की जणू त्यांचंच माहेर. तुमच्या घराशेजारची ती खोली मी आधी पाहिली. दारावर पाटी होती, 'इंग्रजी शिकवणी, चारुता भगवान घरत'. ज्या जमिनीच्या तुकड्यावरून मी तुम्हाला खुळा म्हणालो होतो, तोच हा तुकडा. खिडकीतून फळा दिसत होता, फळ्यावर पाच वाक्यं होती. सवयीने मी चुका शोधल्या. एकही सापडली नाही.

दार तिनेच उघडलं. मला पाहिलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. ती ना हसली, ना रागावली. मागून तुमचा आवाज आला, "सूनबाई, मास्तरला आत घे. पावना माझा हाय." तुमचा पाहुणा म्हणून तिने मला आत घेतलं, माझी मुलगी म्हणून नाही. हे मी समजून होतो.

तुम्ही केवढी माणसं जमवली होतीत! सरपंच, मिठागरातले तुळशीराम आणि मंडळी, शेजारपाजारच्या बाया, आणि तो कारकूनसुद्धा. मी शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषणं केली आहेत, पण तुमच्या पडवीत उभा राहिलो तेव्हा आधी पाणी मागून घेतलं. चारुता ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली, तेव्हाच तुम्ही म्हणालात, "हां मास्तर, बोला." ती वेळ तुम्ही मुद्दाम साधलीत, हो ना?

मी ते वाक्य म्हटलं. ट्रेमधले कप वाजले. तिचा चेहरा मला दिसत होता, ती तुमच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिला वाटलं, मी पुन्हा तेच करतो आहे. ती पुढे होऊन म्हणालीसुद्धा, "दाजी, चला, उशीर होतोय." आणि तुम्ही तिला म्हणालात, "आज उशीर नाय, बाय. मना सगला ठावं हाय. ऐक."

मग मी मराठीत अर्थ सांगितला. बारा फेब्रुवारीला तो कोणाला उद्देशून म्हटला ते सांगितलं. तुम्हाला खोटा अर्थ सांगितला आणि तुमच्याकडून घोकून घेतला, तेही सांगितलं. तुळशीराम माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मला वाटलं, आता चपला शोधाव्यात.

तुम्ही म्हणालात, "परत बोला. सावकाश. एकेक शब्द सुटा करून." आणि बोट नाचवलंत, अगदी माझ्यासारखं. आधी बायका हसल्या, मग सरपंच, मग सगळी पडवी. मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना माझा हात आपसूक माझ्या छातीवर गेला होता आणि आवाज फुटला, त्यामुळे शेवटचे दोन शब्द नीट आले नाहीत. तरी तुम्ही म्हणालात, "शाब्बास."

त्या एका शब्दाने मी मोकळा झालो, दाजी. दुसऱ्या कुठल्याही शब्दाने झालो नसतो.

चारुताने सगळ्यांना चहा दिला. मी ट्रेकडे बघत नव्हतो, जमिनीकडे बघत होतो. एक कप उरला होता हे आवाजावरून कळत होतं. तिची पावलं माझ्यासमोर थांबली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग म्हणाली, "बाबा, धरा. चहा निवतोय."

चहा निवलेलाच होता. इतका चांगला चहा मी आजवर प्यालो नाही.

पुढचं सगळं आनंदाचंच. वल्लरीने घुंगरांची काठी माझ्याच डोक्यात मारली. भगवानने मला वाकून नमस्कार केला तेव्हा मी त्याला काय बोललो ते मलाच समजलं नाही, त्याला समजलं असावं. निघताना चारुता एसटी स्टँडवर आली. गाडी लागल्यावर म्हणाली, "दाजींना माहीत होतं आणि मी तीन वर्षं जीव मुठीत धरून होते. कसला मूर्खपणा!" मी म्हटलं, तो आपल्या घराण्यातच आहे. ती हसली. पुढच्या महिन्यात ती वल्लरीला घेऊन आमच्याकडे चार दिवस राहायला येणार आहे, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. सौ. आत्तापासून डबे घासायला लागल्या आहेत. आणि काल त्या खरोखरच आपट्याला गेल्या, गोदूताईंची क्षमा मागायला.

आता कामाचं. तुमची सहाव्या धड्याची पत्रिका परवा मिळाली. कुटुंबावर पाच वाक्यं लिहा असं पुन्हा आलं होतं. पहिली चार ठीक. पाचवं तुम्ही लिहिलं आहे, 'माय डॉटर-इन-लॉ हाइड नथिंग फ्रॉम मी.'

इथे 'हाइड्स' हवं. एप्रिलमध्येही हेच सांगितलं होतं. लाल पेन उघडलं, त्या शब्दावर नेलं, आणि टोपण लावून ठेवून दिलं.

दहापैकी दहा.

तुमचा,
कृष्णकांत